हैदराबादच्या वैद्यक शाळेचे तीन धडे

सुलतान बाजार, बडी चावडी, जांबाग हा आपल्या मराठी मंडळींचा जुना मुलूख. तेथून हाकेच्या अंतरावर, कोठीला, उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आहे. विवेक वर्धिनीत शिकलेल्या कितीतरी पिढ्या याच रस्त्यांनी ये-जा करीत मोठ्या झाल्या. तरीही या महाविद्यालयाचा उगम १८४६ सालचा आहे, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपेक्षा ते अवघ्या एका वर्षाने धाकटे आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आम्ही डॉक्टर नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेऊन राज्य सरकारच्या आरोग्य खात्यात लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. मायक्रोस्कोपखाली स्लाइडी पाहणे हे आमचे रोजचे काम. या नोकरीत एक प्रश्न आम्हाला सतत भेटतो. वैद्यकातले ज्ञान इतक्या वेगाने वाढते आणि बदलते की काल शिकवलेले आज जुने होते; मग शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने त्याच्याबरोबर चालायचे कसे? हा प्रश्न संगणकाच्या युगाने आणला, असे पुष्कळांना वाटते. पण आपल्या शहराचा इतिहास पाहिला तर तो पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे, आणि त्याची काही बरोबर, काही चुकलेली उत्तरेही येथेच सापडतात. त्यातले तीन धडे यंदाच्या स्मरणिकेतून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शाळेची सुरुवात

चौथे निजाम नासिरुद्दौला यांच्या काळात, ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली हैदराबाद मेडिकल स्कूल सुरू झाले. शिकवण्याची भाषा होती उर्दू. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात मुले इंग्रजीतून वैद्यक शिकत असताना येथे शरीररचना, शस्त्रक्रिया आणि औषधे उर्दूतून शिकवली जात होती. मॅक्लीन यांच्यानंतर आलेल्या डॉ. जॉर्ज स्मिथ यांनी तर उर्दूत वैद्यकीय नियतकालिकही चालवले. पुस्तक छापून होईपर्यंत जुने होते, म्हणून जे नवे कळेल ते नियतकालिकातून पोचवावे, ही दृष्टी त्या काळीही होती.

योगायोग असा की शाळा निघाली त्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, अमेरिकेत बॉस्टन येथे ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले आणि वेदनेशिवाय शस्त्रक्रिया करून दाखवली गेली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. तोवरच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत रोग्याला चौघांनी धरून ठेवायचे आणि सर्जनने हात झपाट्याने चालवायचा, असेच होते. आपल्या शाळेची पहिली तुकडी बाहेर पडण्याआधीच ती पुस्तके जुनी झाली होती.

पहिला धडा : क्लोरोफॉर्म

क्लोरोफॉर्मने मोठे सुख दिले, पण लगेच एक भीतीही आणली. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता काही क्षणांत गेली. पुढे असे मृत्यू वारंवार होऊ लागले. माणूस एवढ्यातेवढ्यासाठी टेबलावर झोपावा आणि उठूच नये, हे भयंकर होते. त्यावरून डॉक्टरांत दोन पक्ष पडले. लंडनकडचे म्हणत की क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडतो, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोकडचे, म्हणजे सर्जन जेम्स साइम यांच्या परंपरेतले, म्हणत की आधी श्वास बंद पडतो, हृदय मागाहून. म्हणून लक्ष फक्त श्वासावर ठेवा.

या वादात हैदराबाद आले ते डॉ. एडवर्ड लॉरी यांच्यामुळे. ते साइम यांचे शिष्य. १८८५ च्या सुमारास लाहोरहून येथे आले आणि वैद्यक शाळेचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात शिक्षणाची भाषा उर्दूऐवजी इंग्रजी झाली. मुलींनाही शाळेत जागा मिळाली. त्यातल्याच रूपाबाई फर्दुनजी यांनी क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात नाव मिळवले आणि पुढे त्या एडिंबरोला जाऊन शिकून आल्या. लॉरी यांचा श्वासाच्या मतावर ठाम विश्वास होता आणि तो सिद्ध करायचा त्यांनी चंग बांधला. १८८८ साली प्राण्यांवर प्रयोग करून त्यांच्या समितीने निकाल दिला की हृदयाला धोका नाही. हा निकाल त्यांनी जाहीर केला तो विद्यार्थ्यांच्या बक्षीस समारंभात! लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि सांगितले, तुमचाच माणूस पाठवा, तोच तपासून पाहू दे.

तसे झाले. १८८९ च्या अखेरीस लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो, या विषयातले ते त्या काळचे मोठे नाव. येताना ते हृदयाच्या पक्षाचे होते. लॉरी, बॉमफर्ड आणि रुस्तमजी यांच्यासह त्यांनी चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले, रक्तदाबाच्या नोंदी काढल्या. शेवटी ब्रंटन यांनीच आपले मत बदलले आणि लंडनला तार केली की हैदराबादचे म्हणणे खरे आहे. जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ हे नाव गाजले. एका संस्थानातली शाळा जगातल्या मोठ्या वैद्यकीय वादात बरोबरीने उतरली, ही आजही अभिमानाची गोष्ट आहे.

पण गोष्ट येथे संपत नाही. १८९३ साली केंब्रिजचे गॅस्केल आणि शोर यांनी वेगळ्या रीतीचे प्रयोग करून दाखवले की क्लोरोफॉर्मचा हृदयावर थेट परिणाम होतो. आणि १९११ साली गुडमन लेव्ही यांनी कोडे सोडवले. क्लोरोफॉर्म कमी प्रमाणात असताना, रोगी भ्यालेला असताना, शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळले की हृदयाचे ठोके एकदम विस्कळीत होतात आणि माणूस जागच्या जागी जातो. हैदराबादच्या प्रयोगांत बहुतेक प्राण्यांना भरपूर क्लोरोफॉर्म दिला होता. भरपूर दिला की आधी श्वासच बंद पडतो, तेव्हा त्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. मात्र टेबलावर पहिल्या काही मिनिटांत माणसे ज्या कारणाने मरत होती, ते कारण या प्रयोगांच्या जाळ्यात सापडलेच नाही.

आम्हाला खरी चिंता वाटते ती पुढच्या प्रश्नाची. लॉरी यांच्या शाळेतून शिकून निघालेले डॉक्टर संस्थानातल्या दवाखान्यांत नेमले जात. १८९५ साली पंचविशीत पास झालेला मुलगा १९११ साली एकेचाळीस वर्षांचा, ऐन नोकरीत. औरंगाबादकडे किंवा बीड, परभणीकडे एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात तो क्लोरोफॉर्म देत असणार, ‘नाडीकडे बघायचे कारण नाही’ या गुरुवाक्यावर विसंबून. त्याला लेव्हींचा शोध कोण कळवणार? परीक्षा झाली, सनद मिळाली, शाळेचा आणि त्याचा संबंध संपला. शाळेने त्याला निष्कर्ष दिला होता. तो निष्कर्ष कोणत्या प्रयोगांवर उभा आहे, काय दिसले तर तो सोडून द्यायचा, हे दिले नव्हते.

दुसरा धडा : रॉस यांची रजा

शाळेपासून पाच-सहा मैलांवर, बेगमपेठेला, लष्कराच्या दवाखान्यात या काळात एक डॉक्टर नोकरी करीत होते. त्यांचे नाव रोनाल्ड रॉस. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी मलेरियाच्या रोग्याला चावलेला डास चिरला आणि त्याच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचे जंतू पाहिले. तो रोगी हुसेन खान. त्याला डासामागे एक आणा देऊन डास चावून घ्यायला लावले होते. मलेरिया दूषित हवेने होतो, हा शतकानुशतकांचा समज येथे ढासळू लागला. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर काम करून रॉस यांनी डासाच्या लाळेपर्यंतचा मार्ग दाखवला. १९०२ साली त्यांना नोबेल मिळाले.

एवढे आपण शाळेत वाचलेले असते. त्याआधीचे मात्र कोणी सांगत नाही. रॉस हे फार अभ्यासू विद्यार्थी नव्हते. १८८१ साली ते हिंदुस्थानातल्या लष्करी वैद्यकीय सेवेत आले तेव्हा जंतूंची विद्या बाल्यावस्थेत होती. त्यांना ती कोणी शिकवलीच नव्हती. १८८८ साली ते लांब रजेवर इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली, क्लाइन यांच्याकडे जंतुशास्त्राचे शिक्षण घेतले. पदविकेला कमी लेखणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे! तरीही फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांनी १८८० साली रक्तात पाहिलेला मलेरियाचा जंतू रॉस यांना दिसत नव्हता, आणि तो आहे हेच ते मानत नव्हते. १८९४ साली ते पुन्हा रजेवर गेले. लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना मायक्रोस्कोपशी बसवून तो जंतू दाखवला. तेव्हा रॉस सदतिशीच्या उंबरठ्यावर होते. परत आल्यावर दोघांत शंभराहून अधिक पत्रे गेली-आली. अडले की लिहायचे, उत्तर येईपर्यंत काम चालू ठेवायचे.

आम्ही वीस वर्षे स्लाइडी पाहत आलो आहोत, म्हणून अनुभवाने सांगतो : रक्तातला मलेरियाचा जंतू पुस्तकातल्या चित्रावरून ओळखता येत नाही. कोणीतरी शेजारी बसून ‘हा बघा, आणि हा जो दिसतोय तो नव्हे’ असे दाखवावे लागते. रॉस यांना नोकरी लागून तेरा वर्षे झाल्यावर कोणीतरी असे शेजारी बसवले. त्यासाठी पगारी रजा मिळाली, शिकवणारा भेटला आणि पुढे पत्रव्यवहार राहिला. या तीन गोष्टी नसत्या तर बेगमपेठेत डास असते, रोगी असते, डॉक्टरही असते. शोध मात्र लागला नसता.

तिसरा धडा : भाषांतराचे घर

विसाव्या शतकात हैदराबादने आणखी एक मोठा प्रयोग केला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, १९१८ साली, उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. सगळे उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचे ठरले. त्यासाठी आधीच, १९१७ साली, भाषांतराचे खास खाते उघडले होते. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. १९२६-२७ च्या सुमारास वैद्यक शाळा विद्यापीठात येऊन तिचे महाविद्यालय झाले आणि एमबीबीएससुद्धा उर्दूतून सुरू झाले. शरीररचनाशास्त्राला ‘तशरीह’, शस्त्रक्रियेला ‘जर्राही’, असे अरबी-फारसीतून आलेले शब्द वर्गात रुळले.

हे करणे सोपे नव्हते. एका ग्रंथाचे भाषांतर करायचे, समितीने शब्द ठरवायचे, छापायचे, तोवर मूळ ग्रंथाची नवी आवृत्ती बाजारात यायची. त्यातच १९३५ नंतर सल्फाची औषधे आली, १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले. औषधांचे सगळे पुस्तकच नव्याने लिहायची वेळ आली. भाषांतर करणारे कितीही कष्टाळू असले तरी त्यांना वाहत्या नदीचे पाणी घागरीने मोजायचे होते.

पण या प्रयोगाची थट्टा करणे आम्हाला पटत नाही. आपल्या भाषेत, निदान आपल्या राज्याच्या भाषेत, विज्ञान उतरवले की शिकणाऱ्याला ते खरोखर कळते आणि रोग्याला समजावून सांगता येते. अडचण आपल्या मराठी मुलांची होती. त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात. मुलाची घरची भाषा मराठी, कचेरीची उर्दू. डॉक्टर व्हायचे तर हैदराबादला यायचे आणि उर्दूतून शिकायचे. आमचे घराणे मूळचे नांदेडकडचे. आमचे आजोबा हिशेब मराठीत लिहीत आणि अर्ज उर्दूत. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेच असेल. १९४८ साली संस्थान भारतात आल्यावर उस्मानियात इंग्रजी आली, आणि उर्दूतून शिकलेल्यांना आपली विद्या तिसऱ्या भाषेत पुन्हा बसवून घ्यावी लागली. मराठवाड्यात औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ साली, ज्या वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात गेला.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत निघाली. ज्यांना त्यात भर घालायची आहे त्यांनी उस्मानियाचा इतिहास आधी वाचावा. पाया मातृभाषेत घालता येतो. मात्र दर आठवड्याला येणारे नवे ज्ञान ज्या भाषेत येते, ती वाचायची सवयही त्याबरोबर लावावी लागते. दोन्हींपैकी एकच धरले तर विद्यार्थी एका पायावर उभा राहतो.

आजची स्थिती

या तिन्ही धड्यांशी आजचे शिक्षण ताडून पाहू. परदेशात कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून व्याख्याने कमी करून रोग्याच्या प्रश्नावरून शिकण्याची रीत आणली. त्याच विद्यापीठातून १९९० च्या दशकात ‘पुरावा पाहून उपचार’ हा विचार जगभर गेला. कोणी मोठा सर्जन म्हणतो म्हणून नव्हे, तर प्रयोग काय सांगतात ते तपासून औषध द्यायचे. लॉरी यांच्या शिष्यांना नेमके हेच हवे होते. आपल्याकडे एमबीबीएसचे १९९७ चे नियम २०१९ मध्ये बदलले आणि ‘काय पाठ आहे’ यापेक्षा ‘काय करता येते’ यावर भर देणारा अभ्यासक्रम आला. दोन बदलांत बावीस वर्षे गेली. त्या बावीस वर्षांत वैद्यक किती पुढे गेले हे सांगायला नको. डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान तीस तास नवे शिक्षण घ्यावे, असे २००२ चे नियम सांगतात. म्हणजे वर्षाला सहा तास. आमच्याकडे गणपतीच्या मंडपात आरतीला याहून जास्त वेळ जातो.

आणि डॉक्टरांच्या खालच्या पायरीचे काय? क्षयरोगाचेच पाहा. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा बेडक्याचे तीन नमुने तपासायचे. २००९ पासून दोन झाले. गोळ्या आठवड्यातून तीनदा द्यायच्या होत्या; २०१७ पासून देशभर रोज द्यायच्या ठरल्या. मायक्रोस्कोपच्या जोडीला असे यंत्र आले की दोन तासांत जंतू आहे का, आणि मुख्य औषध त्याला लागू पडेल का, दोन्ही सांगते. हे सगळे चांगलेच झाले. पण बदल परिपत्रकाने येतो आणि शिक्षण मागाहून येते, कधी येतही नाही. एका कार्यालयात यंत्र आधी आले आणि ते चालवण्याचे प्रशिक्षण कित्येक महिन्यांनी. तोवर ते प्लास्टिकच्या कव्हराखाली झाकून होते आणि रोगी जुन्या रीतीने तपासले जात होते. औषध लागू न पडणाऱ्या क्षयाचा रोगी त्यात असेल तर तेवढे महिने तो चुकीच्या गोळ्या खातो आणि घरातल्या पोराबाळांना तोच हट्टी क्षय देतो. नर्सबाई, फार्मासिस्ट, गावात फिरणाऱ्या आशाताई, या सगळ्यांपर्यंत नवे ज्ञान वेळेवर पोचले नाही तर मोठ्या प्राध्यापकाने वाचलेला शोधनिबंध रोग्याच्या कामाचा नाही.

म्हणून आम्हाला वाटते की वैद्यकीय शिक्षणाचा विचार करताना अभ्यासक्रमाच्या जाडीकडे पाहून चालणार नाही. ज्ञान वाढले म्हणून पुस्तक वाढवत गेलो तर विद्यार्थी ते पाठ करील आणि पास झाल्यावर ते जुने होईल. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात. शिकवताना प्रत्येक गोष्ट कोणत्या पुराव्यावर उभी आहे हे सांगितले जाते का? नोकरीतल्या माणसाला, डॉक्टरापासून तंत्रज्ञापर्यंत, पगारी रजा देऊन कोणी शेजारी बसून शिकवते का? आणि नवे ज्ञान त्याला समजेल अशा भाषेत, वेळेवर पोचते का? पहिली गोष्ट आपल्या शहराला क्लोरोफॉर्मने शिकवली, दुसरी रॉस यांनी, तिसरी उस्मानियाच्या भाषांतरकारांनी.

आपण वाचकांनीही यात थोडे करण्यासारखे आहे. घरातले मूल वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत असेल तर गुणांबरोबर त्याला ‘हे असेच का?’ विचारायची सवय लावावी. वडीलधाऱ्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरची औषधे परस्पर आणून घेऊ नयेत. डॉक्टरांनी उपचार बदलला तर ‘पूर्वीचे डॉक्टर असे देत नव्हते’ म्हणून रागावू नये. का बदलला ते विचारावे. चांगला डॉक्टर आनंदाने सांगतो.

गणेशोत्सवाचे दिवस हे आमच्या प्रयोगशाळेत सर्वांत गर्दीचे. पावसाळा, साचलेले पाणी, तापाचे रोगी. २० ऑगस्ट हा जगभर डास दिवस म्हणून पाळला जातो आणि तो आपल्या शहरामुळे पाळला जातो. मंडपाभोवतीच्या पिंपांवर झाकणे ठेवावीत, पाणी साचू देऊ नये. आणि सवड काढून मुलांना बेगमपेठेची ती जुनी इमारत दाखवावी. येथे एका डॉक्टराने शिकण्याचे वय उलटून गेल्यावर पुन्हा शिकून घेतले आणि त्याचा जगाला उपयोग झाला, एवढे त्यांना सांगितले तरी पुष्कळ आहे.